जुनी जिप्सी: टायर कुठले, रिम कुठले आणि लिफ्ट (गाडीची वाढीव उंची) किती?

मुरूममाती
नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, २००८, पेट्रोल एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. एमएच-३१ (नागपूर) पासिंग, पंधरा वर्षांनंतरचं रिन्यूअल झालेलं आहे. चाकं अजून कंपनीचीच, २०५/७० आर१५ टायर आणि स्टीलचे रिम. टायरची नक्षी शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय आणि साइडवॉलला बारीक चिरा आहेत.

बहुतेक वापर शहरात आणि हायवेवर. बाकी कुही, उमरेड, रामटेककडचे पांदण रस्ते, तेही पावसाळ्यात, म्हणजे काळी माती आलीच. दुकानदार पॅकेज सांगून राहिला: २३५/७५ आर१५ एमटी (चिखलाचे, रुंद खाचांचे) टायर, ७ इंची अलॉय रिम आणि '२ इंची' लांब शॅकल (सस्पेन्शनच्या पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी). गाडी उजवीकडे थोडी बसलेली वाटते आणि ७०-८० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. एवढं सगळं लागतं का? आणि आधी काय करू?

चाकोरी
भाऊ, पॅकेज बाजूला ठेवा आणि आधी टेप घ्या. सपाट जागी, टाकीत पेट्रोल अर्धं, चारही चाकांत सारखी हवा. प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून काढा. डाव्या-उजव्यात १५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत असं धरा. ड्रायव्हर कायम उजवीकडे, त्यामुळे आपल्याकडे ती बाजू आधी बसते. बसलेल्या पाट्यांवर लांब शॅकल लावली तर गाडी उंच होईल, पण तिरकी ती तिरकीच राहील.

थरथर टायरची आहे की पुढच्या अ‍ॅक्सलची, हे नवे टायर घ्यायच्या आधी ठरवा. पुढचं चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिनचे (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचे) बेअरिंग. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड ढिले असतील तर कळतात. जिप्सीत किंगपिन फार दुर्लक्षित. आतल्या गोल बॉलवरचं सील फाटलं की पांदणीचं पाणी आणि चिखल थेट बेअरिंगमध्ये जातो. अशा अ‍ॅक्सलवर जड एमटी चढवला की आजची थरथर उद्या अख्खं स्टिअरिंग हातात नाचवते, आणि मग माणूस चार-चार वेळा बॅलन्सिंग करत बसतो.

टायरचा हिशेब असा (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत). २०५/७० आर१५ ची उंची साधारण ६६८ मिमी, २१५/७५ ची ७०४, २३५/७५ ची ७३४. डिफच्या (धुऱ्यावरच्या गोल डिफरेन्शियलच्या) खालची जागा वाढते ती फरकाच्या निम्मी, म्हणजे १८ मिमी किंवा ३३ मिमी. सस्पेन्शन लिफ्टने डिफ एक मिमीसुद्धा वर जात नाही, वर जाते ती चेसिस. अर्धे लोक इथेच फसतात.

तुमच्या वापराला २१५/७५ आर१५ एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) घ्या. बोलेरोची हीच साइज, त्यामुळे उमरेडला टायर फाटला तरी तिथल्या तिथे जोडीदार मिळेल. लिफ्ट लागत नाही, कंपनीचा रिम चालतो आणि स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८४ असेल, म्हणजे जमण्यासारखं आहे.

हिंगणा रोड
बाकी पटलं, पण काळ्या मातीसाठी एटी? पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. एमटीच्या रुंद खाचा फिरताना चिखल फेकतात, तो फरक रोटाव्हेटर मारलेल्या शेताच्या कडेला उभं राहून दिसतो. ज्याला जुलै-ऑगस्टमध्ये पांदणीत जायचंच आहे त्याने एमटीचा विचार करावा. मात्र साइज २१५/७५ च. २३५/७५ मध्ये उंची जवळपास १० टक्के वाढते. तेराशे सीसीच्या इंजिनला तो फरक कळतो: पाचवा गिअर फक्त उतारावरच कामाचा उरतो, क्लच जास्त घासतो, ब्रेकही तेवढा लांब लागतो.

रुंदीचं उलटही आहे. माती उथळ आणि खाली मुरूम असेल तर अरुंद टायर माती कापून मुरमावर पकड घेतो. माती खोल असेल तर रुंद टायर वर तरंगतो. कुही-उमरेडकडे दोन्ही प्रकार एकाच पांदणीत भेटतात, त्यामुळे मधली रुंदी बरी.

हवा: हलकी गाडी आहे, चिखलात १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवा. त्याखाली गेलात आणि वळण घेत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर टायर रिमवरून सुटतो. काळ्या दगडाच्या खडीवर मात्र एवढी उतरवू नका, फुगलेली साइडवॉल धारदार कडेवर आडवी कापली जाते आणि त्याला पॅच नसतो. डांबरावर आल्याबरोबर परत भरा, म्हणजे छोटा कॉम्प्रेसर गाडीत पाहिजेच. आणि मे महिन्यात चालून आलेल्या गरम टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढायची नाही. गार टायरवर सकाळी मोजायची.

रिम स्टीलचेच ठेवा. दगडावर कड वाकली तर गावातला पंक्चरवालाही हातोड्याने बसवून देतो, अलॉयला तडा गेला तर गाडी तिथेच उभी. बदलायचेच असतील तर ५ बाय १३९.७ पीसीडी (पाच बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) आणि मधलं भोक १०८ मिमी, हे दोन्ही जुळले पाहिजेत. पीसीडी जुळतो म्हणून लहान भोकाचं रिम ठोकून बसवणारे महाभाग आहेत. नटचा कोन आणि रिमच्या बसण्याचा कोनही एकच हवा. रिम जितकं बाहेर येतं तितका भार व्हील बेअरिंगवर आणि खड्ड्याचा झटका स्टिअरिंगवर. स्पेसरचं तर नावच नको.

टायर घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. स्टेपनीही त्याच साइजची. पण मागच्या दारावर जड चाक टांगल्यावर बिजागरं तपासा, जुन्या गाडीत तिथेच तडे जातात.

लो_रेंज
शॅकलबद्दल कोणी बोललं नाही. '२ इंची लांब शॅकल' म्हणजे २ इंच लिफ्ट नव्हे. पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे अ‍ॅक्सलवर मिळतो साधारण १ इंच. वर दुकानदार तो दोन म्हणून विकतो.

खरी अडचण पुढे आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि हायवेवर गाडी लेन धरत नाही, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. उपाय म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये २-३ अंशांची पाचर घालतात, जाड कड पुढे. पाचर लोखंडीच, अ‍ॅल्युमिनियमची चुरडते. सोबत लांब सेंटर बोल्ट लागतो. पण त्याच पाचरीने पिनियनचं (डिफचं प्रॉपेलर शाफ्टला जोडलेलं टोक) तोंड खाली जातं आणि शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसचा कोन वाढतो. एक दुरुस्त करायला गेलं की दुसरं बिघडतं, म्हणून शॅकलने उंची वाढवायची नाही.

लिफ्ट हवीच असेल तर पूर्ण नवा पाट्यांचा संच, दीड-दोन इंच जास्त कमानीचा, आणि त्याच मापाचे शॉकअप. शॉकअप अंदाजाने घेऊ नका. चेसिसखाली स्टँड लावून चाकं लोंबकळू द्या आणि वरच्या-खालच्या माउंटमधलं अंतर मोजा, मग बंप स्टॉप (चेसिसखालचा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत दाबून पुन्हा मोजा. शॉकअप दाबल्यावर या दुसऱ्या मापापेक्षा लांब उरला तर तो आतून फुटतो. चाकं लोंबकळत असतानाच स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून ब्रेकचा होज ताणतोय का बघा. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन वाढला तर खड्ड्यात गाडी आपोआप वळते, तेही बघा.

कागदाचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल नको. तुमचं रिन्यूअल पाच वर्षांचं, पुन्हा फिटनेसला गाडी न्यायचीच आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअरही उंच केलेली गाडी सोडत नाही.

मुरूममाती
मोजलं. मागे उजवीकडे २२ मिमी कमी, पुढे ९. किंगपिनमध्ये प्ले आहे, ब्रेक दाबूनही जात नाही. वाडीला ट्रकचे पाटे करणारा म्हणतो, कमान मारून देतो, वर एक जादा पाटा टाकतो. करू का?

चाकोरी
गार पाटा ठोकून मारलेली कमान काही महिन्यांत परत बसते, कारण टेंपर तोच जुना, थकलेला. पाटा तापवून, तेलात विझवून, पुन्हा टेंपर करणारा असेल तरच उपयोग. जादा पाटा टाकला तर उंची येईल, पण रिकामी जिप्सी आधीच उडते, अजून उडेल. आणि पाट्यावर वेल्डिंग कोणी सुचवलं तर तिथून निघा.

मागचे दोन्ही संच नवे घ्या, एकच बाजू बदलू नका. पुढच्या ९ मिमीला आधी बुश (पाट्याच्या टोकाच्या डोळ्यातले रबर) बघा, बहुतेक तेच खाल्लेले असतील. यू-बोल्ट (पाटा धुऱ्याला आवळणारे) नवेच, ताणलेला बोल्ट परत वापरायचा नाही. चारही नट आलटून-पालटून थोडे-थोडे कसा, १०० किमीनंतर एकदा आणि ५०० नंतर पुन्हा. शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी असतानाच पक्के करा. गाडी वर उचलून लोंबकळत्या चाकांनी कसले तर रबराचे बुश कायम पीळ धरून राहतात आणि लवकर फाटतात. मेकॅनिक ऐकत नाही, उभं राहून करून घ्या.

क्रम: किंगपिन आणि सील, मग पाटे-बुश, मग टायर, सगळ्यात शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते जुळवणं).

हिंगणा रोड
किंगपिन उघडाल तेव्हा शिम (पातळ पत्र्याची चकती) कुठली कुठून निघाली ते खडूने लिहून ठेवा, वरची वर, खालची खाली. आणि पाटे बसवून झाले की हबपासूनचं माप परत टाका इथे.