बार्बाडोसमध्ये नाताळ: आठ जणांसाठी व्हिला घ्यावा की हॉटेल?

विश्रामबागकर (सांगली)

सप्रेम नमस्कार. मुलगा लंडनला आणि मुलगी टोरांटोला नोकरीस असून दोघांना एकाच वेळी सुट्टी मिळते ती फक्त नाताळात. त्या दोन्ही शहरांतून बार्बाडोसला थेट विमाने जातात, म्हणून यंदा तेथे एक व्हिला भाड्याने घेऊन सर्वांनी एकत्र राहावे असे त्यांनी आपापसांत ठरवले आहे. आम्हा उभयतांना फक्त मान डोलावण्याचे काम शिल्लक ठेवले आहे. मुलगा-सून, मुलगी-जावई, दोन लहान नातवंडे आणि आम्ही दोघे असे आठ जण आहोत. सौ. पूर्ण शाकाहारी आहे, तिला अंडेही चालत नाही, शिवाय गुडघ्यांमुळे जिने चढणे-उतरणे अवघड जाते.

मुलांनी पाठवलेल्या व्हिलांपैकी एक पूर्व किनाऱ्यावर बाथशेबाजवळ उंचावर आहे आणि दुसरा पश्चिमेस होलटाउनच्या परिसरात. पहिल्याचे भाडे बरेच कमी असून छायाचित्रे तर दृष्ट लागावी अशी आहेत. या दोहोंत नेमका फरक काय? त्यापेक्षा जेवणासह हॉटेल घेणे सोयीचे नाही का? ऐन नाताळच्या दिवशी तेथे खाण्यापिण्याची काय व्यवस्था असते? आणि सांगलीहून निघणाऱ्या आम्हा दोघांना कोणकोणते व्हिसा लागतील? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दर्यावर्दी_वाई

व्यापारी जहाजावरील नोकरीमुळे बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन हिच्या बंदराशी माझा चांगला परिचय आहे, म्हणून किनाऱ्यांपुरते लिहितो.

आपण विचारलेला भाड्यातील फरक हा बहुतांशी समुद्राचा फरक आहे. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद आहे. परंतु पश्चिमेकडे शांत कॅरिबियन समुद्र लागतो, तर पूर्वेकडे थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये कोठेही जमीन नसलेला अटलांटिक महासागर. बाथशेबाच्या लाटांवर जगभरातील सर्फिंग करणारे येतात, आणि नेमक्या त्याच कारणाने तेथे पोहणे धोक्याचे आहे, कारण पाण्याखालची ओढ माणसाला आत खेचून नेते. नातवंडांना समुद्रात खेळवायचे असेल तर पूर्वेकडील घरातून रोज गाडी काढून पश्चिमेला यावे लागेल. छायाचित्रात ही ओढ दिसत नाही.

पश्चिमेचे घर घेतानाही सावध असावे. जाहिरातीत ‘पश्चिम किनारा’ म्हटलेली कित्येक घरे प्रत्यक्षात किनाऱ्यामागच्या चढावर असतात. त्यात वाईट काही नाही, वारा उत्तम येतो आणि बार्बाडोसमधील सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक असल्यामुळे पाण्यालगतच्या घराचे भाडे भरण्याची गरजही नसते; परंतु वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करता फाटकापासून दारापर्यंत, झोपण्याच्या खोलीपर्यंत आणि तरणतलावापर्यंत किती पायऱ्या आहेत हे मालकाकडून लेखी मागवावे. तलावाला कुंपण आहे का, हेही त्याच पत्रात विचारून टाकावे.

हवामानाची काळजी नको. चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत मानला जातो, डिसेंबरात कोरडा ऋतू सुरू होतो. एखादी सर येते आणि जाते. सूर्य मात्र साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा किनाऱ्यावरचे बेत सकाळीच उरकावेत.

दोन गोष्टी घरातील सर्वांना निघण्यापूर्वी सांगून ठेवाव्यात. किनाऱ्यालगत मॅन्शिनील नावाचे झाड आढळते, त्याचे फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि अत्यंत विषारी असते. चीक अंगावर पडला तर फोड येतात, त्यामुळे पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली आडोशालाही उभे राहू नये. पुष्कळ ठिकाणी त्याच्या खोडावर तांबडा पट्टा रंगवलेला असतो, पण सर्वत्र नाही. दुसरे असे की, लष्करी गणवेशासारख्या ठिपक्यांचे (कॅमोफ्लाज) कपडे सामान्य नागरिकांना वापरण्यास तेथे कायद्याने बंदी आहे, आणि हा नियम लहान मुलांनाही लागू आहे. नातवाची तसल्या कापडाची चड्डी किंवा टोपी असल्यास ती घरीच ठेवावी.

मिरजेची_लेक

यजमानांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड काही वर्षे ब्रिजटाउनला होते. काका, माझ्या मते आपल्यासाठी व्हिलाच योग्य आहे, आणि त्याचे कारण समुद्र नसून स्वयंपाकघर आहे. हॉटेलात काकूंना दोन वेळा सॅलड, उकडलेल्या भाज्या आणि पास्ता यांवरच दिवस काढावे लागतील, आणि त्यासाठी भरलेले पैसे डोळ्यांसमोर येत राहतील. व्हिलात कुकर लावता येतो.

तांदूळ, डाळी, पीठ, मसाले ब्रिजटाउनमध्ये मिळतात. सुरतेकडून आलेल्या गुजराती मुस्लिम कुटुंबांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. इकडून भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असे बांधून घ्यावे. ताजी फळे, भाज्या किंवा बियाणे मात्र नेऊ नये. मिक्सर तर मुळीच नेऊ नये. तेथील वीज 115 व्होल्टची आहे आणि प्लगही अमेरिकी पद्धतीचे, त्यामुळे आपला 230 व्होल्टचा मिक्सर तेथे नुसता घुरघुरत राहतो आणि वाटण जसेच्या तसे. गॅसच्या शेगडीवर चालणारा प्रेशर कुकर न्यावा, पण शेगडी गॅसची आहे की विजेची, हे आधी विचारून घ्यावे.

अनेक व्हिलांना आचारी आणि घरकामाच्या बाई असतात. करारात त्यांचे कामाचे तास, दिवसाला किती जेवणे आणि वाणसामानाचा खर्च कोणाचा (तो बहुधा पाहुण्यांचाच असतो) हे स्पष्ट असावे. भाड्याच्या आकड्यावर कर आणि सेवाशुल्क वेगळे चढते, अनामत रक्कम वेगळी. शिवाय नाताळ ते नववर्ष या काळात बरेच मालक एका आठवड्यासाठी घर देतच नाहीत, दहा किंवा चौदा रात्रींची अट घालतात.

आता 25 डिसेंबरविषयी. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि 26 डिसेंबरलाही सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून सर्व बाजार 24 तारखेपूर्वी भरून ठेवावा. आचाऱ्यालाही घर आहे, मुलेबाळे आहेत. तो त्या दिवशी येणार असेल तर किती वाजेपर्यंत आणि किती जादा मोबदल्यात, हे आधीच ठरवावे. खरे सांगायचे तर त्याला सुट्टी द्यावी आणि आपण मसालेभात करावा.

मात्र पहाटेचा एक कार्यक्रम चुकवू नये. चर्चमधील पहाटेची प्रार्थना आटोपून लोक ब्रिजटाउनच्या क्वीन्स पार्कमध्ये जमतात, पोलिसांचा बँड वाजत असतो, आणि माणसे नवीकोरी वस्त्रे लेवून केवळ मिरवण्यासाठी फेऱ्या मारतात. जांभळ्या सॅटिनचा सूट, त्याच रंगाचे बूट आणि पिसांची टोपी अशा वेषातील आजोबांना लोक थांबवून छायाचित्र मागतात, आणि तेही अगदी ऐटीत उभे राहतात.

तेथील नाताळच्या ताटातील जग-जग हा पदार्थ आपल्या भागातील माणसाला पाहण्यासारखा आहे. तो ज्वारीचे पीठ आणि तुरीचे ओले दाणे शिजवून करतात. त्यात खारवलेले मांस घालतात, तेव्हा काकूंसाठी मांसाशिवाय वेगळा करण्यास सांगावे. हुरड्याच्या दिवसांत सांगली सोडून आल्याची थोडी भरपाई होईल. सोरेल नावाचे लाल पेय अंबाडीच्याच जातीच्या लाल बोंडांचे असते, त्यात आले, दालचिनी, लवंग घालतात. मोठ्यांच्या सोरेलमध्ये अनेकदा रम असते, आणि काळ्या केकमधील सुकामेवा तर रममध्येच मुरवलेला असतो. केकमध्ये अंडीही असतात, तेव्हा काकूंनी तो टाळावा.

अजिंक्यतारा_सातारा

प्रवासव्यवस्थेच्या व्यवसायात असल्यामुळे व्हिशापुरते लिहितो. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही. तरीही तिकीट काढण्यापूर्वी त्या वेळचा नियम अधिकृत स्थळावर तपासावा. आपली खरी अडचण वाटेत आहे. अमेरिकेमार्गे गेल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनमार्गे जाताना हीथ्रो विमानतळावर उतरून गॅटविक या दुसऱ्या विमानतळाहून पुढचे विमान असेल तर विमानतळाबाहेर पडावेच लागते. मुलगा लंडनलाच असल्याने आपण सरळ ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा काढावा, जाताना त्याच्याकडे विश्रांती घ्यावी आणि पुढे त्याच्याबरोबरच निघावे. मुंबई ते लंडन आणि लंडन ते ब्रिजटाउन हे दोन्ही टप्पे प्रत्येकी नऊ-दहा तासांचे आहेत, ते सलग करण्याचे वय आपले नाही. आमचेही नाही.

मुलीचे पारपत्र भारतीय असेल तर तिने आणि जावयांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. कॅनडाचा कामाचा परवाना म्हणजे प्रवेशाचा व्हिसा नव्हे. पारपत्रावरील व्हिशाची मुदत संपली असेल तर परतीचे विमान त्यांना घेणार नाही.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाथशेबाचा व्हिला रद्द करण्यास मुलाला कळवले असून होलटाउनच्या मालकाकडे पायऱ्यांची आणि शेगडीची चौकशी केली आहे. आता जावयांनी नवे पिल्लू सोडले आहे: एवढे दूर जातोच आहोत तर परतताना त्रिनिदादलाही दोन दिवस जाऊ, तेथे आपली भारतीय वंशाची माणसे पुष्कळ आहेत.

अजिंक्यतारा_सातारा

माणसे आहेत हे खरे. 1845 पासून भारतीय मजूर तेथे नेले गेले, आणि आज त्या देशातील मोठा समाज त्यांच्या वंशजांचा आहे. परंतु पीतज्वराच्या (यलो फीव्हर) दृष्टीने भारत सरकार त्रिनिदादला जोखमीचे ठिकाण मानते. तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते, आणि साठीपुढील व्यक्तींना ती देण्यापूर्वी डॉक्टर विशेष विचार करतात. आपण दोघांनी आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी नको म्हटले तर जावयांना खुशाल त्रिनिदादला जाऊ द्यावे, आणि आपण तेवढे दिवस मुलाकडे लंडनला काढावेत.