‘मीही’ की ‘मलाही’?
इंग्रजीतले ‘सो डू आय’ (‘मीही’) पक्के झाले की स्पॅनिशमधले ‘यो ताम्ब्येन’ (‘मीही’) आपोआप जमते, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. इंग्रजीत समोरच्याच्या वाक्यातले साहाय्यक क्रियापद पाहावे लागते, तर स्पॅनिशमध्ये बोलणारा ‘मी’ म्हणून आला आहे की ‘मला’ म्हणून, हे पाहावे लागते. आणि इथे आपल्याला इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार अधिक आहे. नाशिकला घरी भाचीला शिकवताना मी ‘मला मिसळ आवडते’ म्हटले, तेव्हा ती चटकन ‘मलाही’ म्हणाली, ‘मीही’ नव्हे. स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता’ला (‘मला आवडते’) ‘आ मी ताम्ब्येन’ (‘मलाही’) हेच उत्तर येते आणि ‘नो मे गुस्ता’ला (‘मला आवडत नाही’) ‘आ मी ताम्पोको’ (‘मलाही नाही’).

मात्र भुकेपाशी मराठीची साथ सुटते. आपण ‘मला भूक लागली आहे’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘तेंगो आम्ब्रे’, म्हणजे शब्दशः ‘मी भूक बाळगतो’, असे म्हणतात आणि त्यातला कर्ता ‘मी’ असल्यामुळे तिथे ‘यो ताम्ब्येन’च हवे. भाची अजूनही नेमकी तिथेच अडखळते.