बॅटलस्टार गॅलॅक्टिका, इराकचे युद्ध आणि माझे अडलेले ‘सैद्धांतिक चौकट’ हे प्रकरण

अर्धा_प्रबंध

मी इंग्रजी साहित्यात एम. ए. करत असून लघुप्रबंधासाठी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही २००३ ते २००९ या काळात प्रसारित झालेली अमेरिकी विज्ञानकथा-मालिका निवडली आहे. मालिकेचा तिच्या काळाशी असलेला संबंध दाखवणे मला अवघड गेले नाही. इराकमधील अबू घरेबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये जगापुढे आली आणि त्यानंतर वर्षभराच्या आत स्टारबक ही वैमानिक एका सायलॉन (माणसांनीच घडवलेल्या, पुढे त्यांच्यावर उलटून बहुतेक मानवजात संपवणाऱ्या आणि आता माणसांसारख्याच दिसणाऱ्या यंत्रमानवांपैकी) कैद्याचे डोके पाण्याच्या बादलीत दाबून त्याची ‘चौकशी’ करताना प्रेक्षकांनी पाहिली. शेवटचा भाग येण्याच्या तीन दिवस आधी, १७ मार्च २००९ रोजी, मालिकेचे निर्माते आणि कलाकार न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात मानवी हक्क व दहशतवाद यांवरील चर्चेत सहभागी झाले होते.

अडचण पुढे आहे. मार्गदर्शकांना सिद्धांताचे स्वतंत्र प्रकरण हवे आहे. त्यासाठी विज्ञानकथेचे सिद्धांतकार डार्को सुविन आणि तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर वाचले, पण सजग प्रेक्षकाला जे सहज दिसते तेच इथे जड परिभाषेत सांगितले आहे, ही शंका मनातून जात नाही. सिद्धांताने माझ्या आकलनात खरोखर भर पडते, की ती केवळ पदवीची अट आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_परीक्षक

शंका रास्त आहे. आधी सिद्धांत मांडायचा आणि मग मालिकेतून त्याला साजेसे प्रसंग वेचायचे, असे प्रबंध मी पुष्कळ वाचले आहेत (तपासलेही आहेत, नाइलाजाने). वाचून झाल्यावर एखादे तरी दृश्य वेगळे दिसते का, ते पाहा. दिसत नसेल, तर प्रकरण आठ पानांत उरका.

तिसरी_घंटा

सुविन यांना इतक्या लवकर निकालात काढू नये, असे वाटते. त्यांची मांडणी जर्मन नाटककार ब्रेख्तच्या विचारातून आली आहे, आणि पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तचे नाटक तमाशाच्या बाजात मराठीत आणल्यामुळे तो विचार आपल्याला अगदीच परका नाही. ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवली की माणूस तिच्याकडे नव्याने पाहतो, हे त्याचे सार.

आता तिसऱ्या पर्वाची सुरुवात आठवा. ऑक्टोबर २००६ मध्ये, इराकमध्ये अमेरिकी सैन्य असताना, मालिकेतील माणसे न्यू कॅप्रिका या ग्रहावर सायलॉनांच्या ताब्यात आहेत. त्यांच्यातलेच काही जण तोंड झाकून सायलॉनांचे पोलीस झाले आहेत, आणि त्या पोलिसांच्या दीक्षान्त समारंभात डक नावाचा माजी वैमानिक स्वतःसह स्फोट घडवतो. बातम्यांमध्ये ज्या कृत्याकडे अमेरिकी प्रेक्षक पलीकडच्या बाजूने पाहत होता, ते करणारा इथे त्याच्याच बाजूचा आहे. शिवाय माणसे अनेक देवांना मानणारी आणि सायलॉन एकेश्वरवादी असल्यामुळे कोण म्हणजे नेमके कोण, हे समीकरण कुठेच सरळ जुळत नाही. ‘मालिका म्हणजे इराकचे रूपक’ या एका वाक्यात हे न जुळणे हरवते. ते का महत्त्वाचे आहे, हे सांगायला सुविन उपयोगी पडतात.

अर्धा_प्रबंध

मनःपूर्वक आभार. एक शंका मात्र उरते. सुविन यांना विज्ञानकथेत तर्काची शिस्त हवी आहे, आणि या मालिकेचा शेवट तर सरळ दैवी योजनेकडे जातो. त्यांच्या मोजपट्टीने तो नापासच ठरेल.

तिसरी_घंटा

मग तसे लिहा. सिद्धांत जिथे तोकडा पडतो ती जागा दाखवणे हेही त्या प्रकरणाचेच काम आहे. बटलर यांच्या बाबतीत तर त्याहून चांगली जागा तुमच्या हाताशी आहे. कोणाचा मृत्यू शोक करण्याजोगा मानला जातो, हा त्यांचा प्रश्न. राष्ट्राध्यक्ष रोझलिन यांच्या फळ्यावर हयात माणसांचा आकडा असतो. पहिल्या पर्वाच्या पहिल्याच भागात एक मूल जन्मते आणि रोझलिन जुना आकडा खोडून ४७,९७३ लिहितात. सायलॉनांना मात्र हिणवून ‘टोस्टर’ म्हटले जाते आणि त्यांची गणती त्या फळ्यावर होत नाही. इथवर कोणत्याही प्रेक्षकाला दिसते, हे तुमचे म्हणणे मान्य. पण बटलर यांचा युक्तिवाद उभा आहे तो प्रत्येक देह नाजूक आणि नाशवंत आहे या गृहीतावर, आणि सायलॉन तर मेल्यावर नव्या देहात जागे होतात. चौथ्या पर्वाच्या २००८ मध्ये प्रसारित झालेल्या भागांत त्यांचे पुनर्जन्माचे केंद्र नष्ट होते आणि त्यांच्यातलाच एक गट मर्त्य होण्याची किंमत स्वेच्छेने मोजतो. त्याआधी त्यांच्यासाठी शोक करणे शक्य होते का? बटलर यांच्या चौकटीत याचे तयार उत्तर मला सापडलेले नाही.

अर्धा_प्रबंध

तो चौथ्या पर्वाचा भाग मी प्रबंधाबाहेर ठेवला होता. आज रात्री पुन्हा पाहतो.