रॅप न आवडणाऱ्याला रॅप ऐकवताना: तुमचे अनुभव सांगा

माझ्या दादाला मी तीन वर्षं रॅप ऐकवायचा प्रयत्न करतेय. तीन वर्षांत त्याचा एकच प्रश्न: "गाणं कधी सुरू होणार?" गेल्या आठवड्यात मात्र तो पहिल्यांदाच म्हणाला, "ते परत लाव." म्हणून हा धागा.

झालं असं, की दादाला पियानो आवडतो. त्या दिवशी रॅपचं नावही न काढता मी पियानोवादक अहमद जमालचं १९७० सालचं 'आय लव्ह म्युझिक' लावलं. तो डोळे मिटून ऐकत होता. ते संपल्यावर काहीही न सांगता रॅपर नासचं १९९४ मधलं 'द वर्ल्ड इज युवर्स' लावलं. अर्ध्या मिनिटात दादाने डोळे उघडले आणि बोट वर केलं. "अगं, हा तोच!" या गाण्याचा निर्माता पीट रॉक, त्याने जमालच्या लांबलचक वादनातला एक छोटासा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा गोल फिरवलाय, तो दादाने बरोबर पकडला. पुढचा प्रश्न शब्दांबद्दल नव्हताच: "एवढं सगळं वाजवलंय, मग नेमका एवढाच तुकडा का घेतला?" तीन वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

तुम्ही कुणाला काय ऐकवलंत? जमलं का? फसलेले प्रयोग तर जरूर लिहा.

* * *

मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा रस्ता हिशोबाचा. माझा एक मित्र म्हणायचा, "हे नुसतं भराभर बोलणं आहे." त्याला म्हटलं, शब्द सोड, मांडीवर ठेका धर. बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा, चार मात्रांचा, आणि रॅपचं कडवं बहुधा सोळा बारांचं. मग डीजे एरिक बी आणि रॅपर रकीमचा १९८७ चा 'पेड इन फुल' हा अल्बम काढला. रकीमच्या आधी बरेच जण ओळ संपली की यमक टाकायचे, धप्पकन, बालगीतासारखं. रकीम यमक ओळीच्या पोटात पेरतो, वाक्य बार ओलांडून पुढच्या बारात नेतो आणि तुम्ही वाट बघणं सोडून दिलंत की नेमका समेवर येतो. हा माणूस आधी सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा भक्त, हे नंतर कळलं तेव्हा नवल वाटलं नाही.

मित्राचा ठेका तिसऱ्या बारातच सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. शेवटी वैतागून म्हणाला, "हा चुकत का नाही?" मी गप्प बसलो. नुसतं भराभर बोलणारा केव्हाच चुकला असता.

* * *

वरच्यांना दुजोरा. माझी मावशी कवितेतली, वृत्तांवर जीव टाकणारी. ऐकवून काही होईना, तेव्हा मी एका कडव्याचे शब्द कागदावर छापून तिच्यासमोर ठेवले आणि हातात तीन रंगीत पेन्सिली दिल्या. सारखा स्वर तिथे सारखा रंग. दहा मिनिटांत कागद रांगोळीसारखा दिसायला लागला. एका ओळीत चार लाल, दोन निळे आणि निळ्यातलं एक पुढच्या ओळीच्या मध्यात जाऊन जुळलेलं. मावशी चष्मा वर करून म्हणाली, "अंतर्यमक आहे की रे हे!" आणि लगेच, "पण गोडवा कुठाय?"

गोडव्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कागद मात्र तिने ठेवून घेतला.

* * *

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ज्याला ऐकवलं जातं तो. कृपा करून याद्या पाठवू नका! भाच्याने मला चाळीस गाण्यांची यादी पाठवली होती. तो गृहपाठ मी तीन महिने उघडलाही नाही. मग एकदा प्रवासात त्याने स्वतःसाठी म्हणून १९८२ चं 'द मेसेज' लावलं. सुरुवातीलाच फुटक्या काचांचा रस्ता, मग गरिबी, राहण्याची जागा सोडता न येणं, डोकं फिरायची पाळी. मला वाटत होतं, हे लोक फक्त गाड्या आणि दागिने यांच्या बढाया मारतात. ज्या डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशच्या नावावर ते गाणं आहे, त्याचा आवाज त्यात जवळपास नाहीच म्हणे. बहुतेक सगळं मेली मेल आणि ड्यूक बूटी या रॅपरांचं. यादीतली उरलेली एकोणचाळीस मी अजून ऐकलेली नाहीत.

* * *

माझ्या मैत्रिणीचा आक्षेप सुरांचा नव्हताच. ती म्हणाली, "बायकांबद्दल असं बोलणारे शब्द मी माना डोलवत का ऐकू?" मी आधी "संदर्भ समजून घे" वगैरे पाजळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य अर्धवटच सोडावं लागलं.

मग रॅपर क्वीन लतीफाचं १९९३ मधलं 'यू.एन.आय.टी.वाय.' लावलं. बायकांना शिव्या घालणाऱ्यांना रॅपमधूनच दिलेलं तोंडावरचं उत्तर. त्यानंतर लॉरिन हिलचा १९९८ चा एकल अल्बम. त्यात ती गातेही आणि रॅपही करते. एकातून दुसऱ्यात कधी गेली ते कळतसुद्धा नाही. १९९९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळवणारा तो पहिला हिप-हॉप, म्हणजे रॅपच्या घराण्यातला, अल्बम. मैत्रीण तो आता स्वतःहून लावते. आक्षेप तिने मागे घेतलेला नाही, आणि तो घ्यावा असं मलाही वाटत नाही.

* * *

फसलेला प्रयोग: बाबांना सांगितलं, रॅपर केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं बक्षीस मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेरच्या कुणाला संगीतासाठी ते पहिल्यांदाच मिळालं. बाबा म्हणाले, "मग? बक्षीस मिळालं म्हणून आवडायला हवं का?" विषय संपला.

* * *

आमचे काका रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना गाण्यात रस कमी, यंत्रात जास्त. त्यांना मी ११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट सांगितली, हिप-हॉपची सुरुवात जिथून झाली असं मानतात ती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू ही इमारत, बहिणीने ठरवलेली पार्टी आणि तबकड्या लावायला भाऊ, डीजे कूल हर्क. लोक सर्वांत जास्त नाचतात ते गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो त्या काही सेकंदांवर, हे त्याने हेरलं होतं. त्याची शक्कल अशी, की एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवायच्या. एकीवर तो तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा.

काकांनी लगेच कागदावर दोन वर्तुळं काढली. "सुई नेमकी कुठे टेकवायची, हे कसं कळायचं?" म्हटलं, ग्रँडमास्टर फ्लॅश पुढे तबकडीवरच रंगीत खडूने खूण करायचा. काका इतके खूश झाले की बोलायची सोय नाही. "शाब्बास! मी पण बटणांवर अशाच खुणा करायचो."

त्याच ओघात गायक जेम्स ब्राउनचं १९७० मध्ये आलेलं 'फंकी ड्रमर' ऐकवलं. त्यातला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रमचा तुकडा पुढे असंख्य रॅप गाण्यांत वापरला गेला, पण श्रेयात त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्याला रॉयल्टीही नाही. काका भडकले. रॅप त्यांना अजून आवडत नाही, पण कुठेही ड्रम लागला की विचारतात, "हा त्याच बिचाऱ्याचा का?"

* * *

धागाकर्ती परत. तबलावाल्यांचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. आत्ता मांडीवर ठेका धरून तो सोळा बार मोजतोय. अकरापर्यंत ठीक होतं, बाराव्याला घसरला.

"थांब, बोलू नकोस. पहिल्यापासून लाव."