मदत हवी आहे: अडगावच्या लढाईतलं भोसल्यांचं सैन्य एअरब्रशने झपाट्याने रंगवायचंय, पांढऱ्या रंगावर गाडी अडली आहे

नमस्कार मंडळी,

मी तेल्हारा-अकोट भागात राहतो, शाळेत इतिहास शिकवतो. आमच्याच शिवारात, अडगाव-सिरसोलीच्या माळावर, २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारच्या आर्थर वेलस्लीची फौज भिडली. भोसल्यांकडून रघूजींचे भाऊ व्यंकोजी मैदानात होते, सोबतीला शिंद्यांचं घोडदळ. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूचं नाव आमच्या पोरांना पाठ आहे, पण आपण रोज सायकलवरून जातो त्या शेतात काय झालं ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून येत्या २९ नोव्हेंबरला ही लढाई टेबलावर मांडून मुलांना खेळायला द्यायची आहे.

१५ मिलिमीटरची शिपाई-मंडळी नागपूरच्या एका ओळखीच्याने रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढून दिली. कंपनी सरकारची बाजू मुलं ब्रशने उरकत आणताहेत. लाल कोट आहेत, एकसारखे आहेत, त्यात अडचण नाही. माझ्याकडे भोसल्यांची बाजू आहे: तीनशेच्या आसपास प्यादे, ऐंशी घोडेस्वार आणि तोफा. इतकं सगळं ब्रशने होणं नाही, म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, घेतला. डबल ॲक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), वर कप असलेला, ०.३ मिलिमीटरची सुई. कॉम्प्रेसर छोटा आहे, तीन लिटरची टाकीवाला. रंग स्टेशनरीत मिळणारे ट्यूबमधले ॲक्रिलिक.

आता अडचण सांगतो. ही फौज बहुतेक पांढऱ्या-मळकट अंगरख्यांत आहे, म्हणजे ऐंशी टक्के काम पांढऱ्या रंगाचं. आणि नेमका पांढराच एअरब्रशमधून नीट येत नाही. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) मारला की राखाडी दिसतो, अजून मारला की खरबरीत होतो. भिंगातून पाहिलं तर अंगरख्याच्या चुण्यांमध्ये बारीक दाणे बसलेले दिसतात, पागोट्याचे पीळ तर पार बुजून जातात. सुईच्या टोकावर पांढरा खडा धरतो, तो सुटला की थेट चेहऱ्यावर शिंतोडा. एप्रिल संपत आलाय, दुपारी पारा ४३-४४ वर असतो, तेव्हा रंग हवेतच वाळत असावा असं वाटतं. लाल, निळा, तपकिरी हे मात्र ठीक येतात.

दुसरं म्हणजे वीज. लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि गेली की कपातला रंग तसाच अडकतो.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. ही सगळीच काही कवायती पलटण नव्हे. कुणी अरब, कुणी रजपूत, कुणी आपल्या गावचा शिलेदार, ज्याने त्याने आपापल्या घरचं नेसून आलेलं. एअरब्रशने एका दमात मारलं की सगळे एका गिरणीचं कापड घेऊन आल्यासारखे दिसतात. वेग हवा आहे, पण त्या माणसांचं वेगळेपण गमावायला नको. काही मार्ग आहे का?

प्रतिसाद: नागपूरकर

सर, आधी पांढऱ्याचं. पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचं रंगद्रव्य जड आणि भरपूर असतं, ट्यूबमधल्या रंगात ते कॅनव्हाससाठी दाट ठेवलेलं असतं. ०.३ च्या सुईला ते सोसत नाही, आणि तुमच्या हवेत तर टोकावरच वाळतं. म्हणून उपाय असा की शुद्ध पांढरा एअरब्रशमधून मारायचाच नाही.

काळ्यावरून पांढऱ्याकडे चढत जाणं फार लांबचा रस्ता आहे. प्रायमरच गडद तपकिरी घ्या किंवा काळ्यावर तपकिरी मारा. त्यावर वरून, साधारण ४५ अंशांतून, खाकी. मग अगदी डोक्यावरून हस्तिदंती, म्हणजे पांढऱ्यात थोडा पिवळा आणि कणभर तपकिरी. प्रकाश आकाशातून पडतो तिथेच उजळ रंग बसतो, काखेत आणि चुण्यांत तपकिरी आपोआप राहते. याला झेनिथल म्हणतात. तीन फवारे झाले की अंगरखा झाला. शुद्ध पांढरा फक्त ब्रशने, खांद्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पिळावर एकेक टिपका. डोळ्याला सगळा कपडा पांढरा वाटतो.

उजळ थर एअरब्रशनेच हवा असेल तर ट्यूबऐवजी पांढरी ॲक्रिलिक शाई वापरा. तिचं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं, जवळजवळ तशीच फवारता येते. ऑनलाइन मिळते. एक बाटली तुमच्या अख्ख्या फौजेला पुरेल.

ट्यूबचा रंग वापरायचाच असेल तर दुधाइतका पातळ करा, मलमलच्या फडक्यातून गाळा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआयवर ठेवा आणि पातळ थर अनेक द्या. एका थरात झाकायला गेलं की दाणे आलेच.

प्रतिसाद: पूर्णाकाठ

गुरुजी, तुमी रंग पातळ कराले पाणी कोन्तं घेता? बोअरचं असंन तं पयले ते बंद करा. आपला खारपाणपट्टा हाये. त्या पाण्यात क्षार लय, वाळल्यावर पांढरी पुटं धरते, सुईच्या टोकावर बी तेच होते. गॅरेजवर बॅटरीत टाकाचं डिस्टिल्ड पाणी भेटते, ते आना. फक्त बाटलीवर नीट वाचून घेजा, तिथंच ॲसिडच्या बाटल्या बी रायते.

दुसरी गोष्ट कूलरची. कूलरच्या खोलीत बसून रंगवत असान तं रंग हळू वाळते, ते चांगलंच हाये. पण कॉम्प्रेसर त्याच खोलीत ठेवला तं तो ओली हवा ओढते, ते पाणी पाइपात जमते अन् मंधातच पिचकारी सुटते. कॉम्प्रेसर ओसरीवर सावलीत ठेवा, पाइप लांबा घ्या, तुमी आत बसा. पाणी धरनारी वाटी, तिले मॉइश्चर ट्रॅप म्हंते, ते रेग्युलेटरपाशी (हवेचा दाब कमीजास्त कराचा खटका) अन् जमलं तं ब्रशपाशी बी एक लावा. अन् टाकीच्या बुडाचा नळ रोज खोलून पाणी काढत जा. कूलरचा झोत मात्र अंगावर घेऊ नका, फवारा भलतीकडंच जाते.

उन्हाळ्यात मी पाहाटीच फवारतो. नऊ वाजले का ब्रश धुऊन ठेवतो, दुपारभर हातानं बारीक कामं.

धागाकर्ता

पूर्णाकाठ भाऊ, पाणी बोअरचंच वापरत होतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. कॉम्प्रेसरही कूलरच्या खोलीतच आहे, तो आजच हलवतो. नागपूरकर, तपकिरीवरून वर येण्याची कल्पना फार आवडली. वऱ्हाडच्या काळ्या मातीत चालून आलेल्या माणसांचे कपडे तसेच दिसले पाहिजेत.

वेगळेपणाच्या प्रश्नावर कुणी काही सुचवेल का?

प्रतिसाद: नंदीवाली

सर, मी सैन्य कधी रंगवलं नाही, पण आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवतात. पोळा तोंडावर आला की शेकड्याने करावे लागतात आणि प्रत्येक घरच्या लेकराला आपला नंदी वेगळा वाटला पाहिजे. तर आमच्याकडे काय करतात ते सांगते.

एका गिऱ्हाइकाचे सगळे नंदी एकत्र रंगवत नाही. सगळा माल एकत्र मांडायचा आणि रंगाप्रमाणे ढीग करायचे. एक ढीग शुभ्र, एक पिवळसर, एक जरा करड्या अंगाचा. अंग झालं की ढीग मोडायचे आणि नव्याने लावायचे, या वेळी झुलीच्या रंगाप्रमाणे. मग पुन्हा मोडून शिंगांच्या रंगाप्रमाणे. प्रत्येक वेळी एका रंगाने सलग काम, म्हणजे हात थांबत नाही. पण तीन वेळा मिसळल्यामुळे दोन नंदी सारखे सापडणं कठीण होतं.

तुमचंही तसंच होईल. अंगरख्यांचे चार ढीग करा: हस्तिदंती, खाकीकडे झुकणारा, फिक्या राखाडीचा, आणि थोडे गेरू-पिवळे. मग मोडा. पागोट्यांचे पाच-सहा रंग. मग मोडा. कमरबंद. कोण कुठल्या तुकडीच्या पाटीवर उभा राहील ते सगळ्यात शेवटी ठरवा.

प्रतिसाद: नागपूरकर

ताई, हे लाख बोललात. यात मी एवढीच भर घालतो: शिपाई एकेक धरू नका. हार्डवेअरमधून लाकडी पट्टी आणा, तिच्यावर दुतोंडी टेपने दहा-दहा चिकटवा, मध्ये बोटभर जागा सोडा. पट्टी फिरवून चारी बाजूंनी फवारा. ढीग मोडायचा म्हणजे टेपवरून उचलून दुसऱ्या पट्टीवर लावायचं.

पागोटी आणि कमरबंद एअरब्रशने करू नका. १५ मिलिमीटरला मास्किंग, म्हणजे बाकीचा भाग झाकणं, करत बसलात तर वेग तिथेच संपतो. तिथे कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग वापरा. सिटाडेल कंपनीने २०१९ मध्ये ते आणले, नंतर आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट आले. पातळ, पारदर्शक रंग, उंचवट्यावरून ओघळून खाचेत साचतो, सावली आपोआप पडते. तुमचा हस्तिदंती थर खाली असेल तर एकाच हातात पागोटं पूर्ण होतं. स्पीडपेंट घ्याल तर २.० लिहिलेलेच घ्या. २०२२ चे पहिले रंग वाळल्यावरही ओल्या ब्रशने उठायचे, २०२३ मध्ये ते सुधारले.

घोड्यांना मात्र एअरब्रशच. तपकिरी, करडा, काळपट असे ढीग, पाठीवर वरून उजळ फवारा. आणि स्वार घोड्यावर चिकटवण्याआधी वेगळे रंगवा, नाहीतर खोगिराखाली ब्रश जात नाही.

प्रतिसाद: स्टेपनी

विजेबद्दल. तीन लिटरच्या टाकीवर विसंबू नका. चार बार दाबाला भरली तरी २० पीएसआयपर्यंत उतरेस्तोवर आठेक लिटर हवा मिळते आणि एअरब्रश मिनिटाला दहाएक लिटर खातो, म्हणजे मिनिटभरही नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्रेसरवरची पट्टी बघा. १/६ एचपी म्हणजे साधारण सव्वाशे वॅट, पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते, तेवढी पत इन्व्हर्टरची हवी. आणि साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर मोटर तापते.

इन्व्हर्टर नसेल तर गाडीची स्टेपनी. ३५ पीएसआयला भरलेल्या स्टेपनीतून तीन-चार मिनिटं फवारता येतं, तेवढ्यात हातातली पट्टी पूर्ण होते आणि ब्रश धुऊनही होतो. पंक्चरवाल्याकडून व्हॉल्व्हला बसणारी तोटी घ्या, पुढे रेग्युलेटर लावा. फक्त टायर रिमवर चढवलेलाच हवा. नुसती ट्यूब भरून वापरायला जाऊ नका. टायरच्या बाहेर ती दाब धरत नाही, फुगत जाते आणि फुटते. मुलं आसपास असतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

लाइन गेली की पहिलं काम: कपातला रंग ओतून टाका, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घाला, सुई मागे ओढून टोक ओल्या ब्रशने पुसा. वाळलेल्या रंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं. ते धुण्यापुरतंच, रंग पातळ करायला नको, बरेचसे ॲक्रिलिक त्यात फाटतात. एनसी थिनरमध्ये ब्रश बुडवून ठेवू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात.

आणि पाण्याचा रंग असला तरी एन-९५ मास्क लावा. तो धूर छातीत जायला नको.

धागाकर्ता

सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे एक पट्टी करून पाहिली. बॅटरीचं पाणी, कॉम्प्रेसर ओसरीवर, पहाटेची वेळ. तपकिरी, खाकी, हस्तिदंती. दाणे नाहीत, पागोट्याचे पीळ मोजता येतात. एका प्याद्याच्या पाठीवर अंगरख्याची चुण कमरबंदाखाली जाते तिथे तपकिरी रेघ राहिलीय, ती मी काढलेली नाही, आपोआप राहिली. वर्गातल्या मुलांना दाखवला तर एकीने विचारलं, "सर, हा किती दिवसांचा चालून आला असेल?" ताईंची ढीग मोडायची रीत शनिवारी मुलांकडूनच करवून घेणार आहे.

आता एकच प्रश्न उरला. हे सगळं होईस्तोवर पाऊस लागेल. मुलं हाताळणार म्हणून वरून मॅट वार्निश द्यायचंय. पावसाळ्यात ते पांढुरकं पडतं म्हणतात, खरं आहे का?

प्रतिसाद: नागपूरकर

डब्यातल्या स्प्रे वार्निशचं खरं आहे. दमट हवेत धुक्यासारखा थर बसतो आणि सगळी मेहनत झाकोळते. तुमच्याकडे एअरब्रश आहे, तर पाण्याचं वार्निश त्यातूनच द्या. आधी ग्लॉस, ते घासलं तरी टिकतं. दुसऱ्या दिवशी मॅट, अगदी पातळ, दोनदा. मॅटची बाटली हलवून हलवून घ्या, त्यातली पूड तळाशी बसलेली असते आणि तीच न मिसळल्याने पुष्कळदा पांढुरकेपणा येतो. झडीच्या दिवसांत थांबा, उघाड पडली की दुपारी मारा.

प्रतिसाद: पूर्णाकाठ

अन् गुरुजी, भाल्याच्या काड्या रेझिनच्या असंन तं पोरायच्या हातात टिकत नाई. त्या काढून झाडूची तारेची काडी नायतर गिटारची जाडी तार लावा, वार्निशच्या आंधी. २९ तारखेले आमी अडगावले येतो, टेबल उचलाले दोन मानसं लागनच.