खाजन जमिनीतील सिझियम

सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य चिकणमातीत एकदा बसले की हलत नाही, हे आपले विधान गोड्या पाण्याच्या प्रदेशात बरेचसे खरे असले, तरी गोव्यातील मांडवी-जुवारी नद्यांकाठच्या आपल्या खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) शेतांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही. असे प्रदूषण तेथे पोहोचलेच, तर खाऱ्या पाण्यातील सोडियम-पोटॅशियम आणि प्राणवायूअभावी चिखलात तयार होणारे अमोनियम कणांवर सैल धरलेल्या सिझियमची जागा घेतील. इलाइट या चिकणमातीतील खनिजाच्या थरांच्या कडांत अडकलेले मात्र सहसा सुटत नाही. डोंगरउतारावरील जांभ्या मातीत केओलिनाइट हे दुसरे खनिज अधिक असल्याने ही पकडही दुबळी असते. कॅल्शियमसारखे वागणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० याहून चंचल आहे. दोहोंचे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य विघटित होण्याचा काळ) सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे ती दीर्घकाळ टिकणारी असल्यामुळे, मानशीतून (बांधातील झडपेच्या दारातून) भरतीचे पाणी किती काळ आत राहते हे नोंदवल्याविना कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या भातात ती किती उतरतील याचे अनुमान काढणे मला धोक्याचे वाटते.