मायत्सेनचे गोल आणि बाकावर बसलेले आपले स्ट्रायकर

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता):
स्लोव्हेनियाचा फुटबॉल स्ट्रायकर लुका मायत्सेन २०२० च्या अखेरीस, एकतिसाव्या वर्षी भारतात आला. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आय-लीगमध्ये (आयएसएलच्या खालची लीग) ११ गोल. पुढच्या मोसमात गोकुळम केरळकडून १३ गोल आणि विजेतेपद. २०२२-२३ मध्ये पंजाबकडून १६ गोल, लीगमध्ये सर्वाधिक, पुन्हा विजेतेपद आणि क्लब थेट आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या लीगमध्ये. २०२५ मध्ये, छत्तिशीत, गडी बंगालच्या डायमंड हार्बरकडून खेळत होता.

खेळाडू चांगला आहे, त्यावर वाद नाही. पण युरोपात फारसं नाव न झालेला, तिशी ओलांडलेला माणूस इथे येऊन वर्षानुवर्षं हुकमी नऊ नंबर (सर्वात पुढचा, गोल करणारा खेळाडू) होतो, यात आपलं नुकसान आहे. ती जागा गेली की आपल्या पोरांना विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला ढकलतात. मग २०२४ मध्ये राष्ट्रीय संघ वर्षभरात एकही सामना जिंकत नाही आणि निवृत्त झालेल्या छेत्रीला परत बोलवावं लागतं. बोला.

मडगावकर:
आधी आमचं दुखणं ऐका. आमच्या क्लबसाठी ११ गोल केले, पण आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एकदाही दिसला नाही! कोविडमुळे अख्खी लीग बंगालमध्ये, बायो-बबलमध्ये झाली. शेवटच्या दिवशी तीन संघ २६ गुणांवर. आम्ही पंजाबला ३-२ हरवलं, तिकडे गोकुळमने मणिपूरच्या ट्राऊला ४-१. दोघांचेही २९ गुण, आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबावर करंडक केरळला. पुढे हा बाबाही तिकडेच गेला. तरी मी त्याच्याच बाजूने. चर्चिल त्या वर्षी शेवटपर्यंत शर्यतीत राहिलं, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

नऊनंबरी:
धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. त्याच मोसमात सर्वाधिक गोल कोणाचे होते? मणिपूरच्या बिद्याशागर सिंगचे, १२. मायत्सेनपेक्षा एक जास्त! परदेशी समोर असूनही भारतीय पोरगा पुढे गेला, कारण ट्राऊने त्याला बॉक्समध्ये, थेट गोलसमोर खेळवलं. नंतर तो बेंगळुरू एफसीकडे गेला, संधी तुरळक मिळाली, मग उसनवारीवर केरळ ब्लास्टर्सकडे. त्याला बाकावर कोणी बसवलं, मायत्सेनने? प्रशिक्षकाला पुढच्या सामन्याची धास्ती असते, म्हणून तो तयार माल घेतो.

कॉर्नरफ्लॅग:
अहो, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. तयार माल बाजारात आहे म्हणूनच प्रशिक्षक तो उचलतो. आयएसएलमध्ये एका संघाचे मैदानावर चार परदेशी चालतात, त्यातला एक हमखास पुढे. बिद्याशागरसारख्याला चुकायला सामनेच मिळत नाहीत.

सॉल्टलेक_स्टँड:
मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे कोलकात्यात. १८ मे २०२२, एएफसी कप, म्हणजे आशियाई क्लबांची स्पर्धा. गोकुळम चारच दिवसांपूर्वी लीग जिंकून आलेलं, समोर आयएसएलमधलं एटीके मोहन बागान. सगळे म्हणत होते, आय-लीगवाल्यांची धुलाई होणार. झालं उलटं, ४-२, त्यात मायत्सेनचे दोन. पण बाकीचे दोन कोणाचे? रिशाद आणि जितिन, दोघेही केरळची पोरं. पुढे चांगला माणूस असला की बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात आणि आपल्या पोरांना मोकळी जागा मिळते. ही शाळा फुकट मिळतेय, ती बंद कशाला करायची?

टाळकुटे:
शाळेचा निकालही सांगा की. पुढचे दोन्ही सामने हरले, मालदीवच्या माझियाशी ०-१, बांगलादेशच्या बसुंधराशी १-२. गाशा गुंडाळला. एका रात्रीवर किती दिवस जगायचं?

मडगावकर:
टाळकुटे, नावाला जागलात. कोची, १५ सप्टेंबर २०२४, ऐन ओणमचा दिवस. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध मायत्सेन पंजाबकडून बदली म्हणून उतरला, ८६ व्या मिनिटाला पेनल्टी मारली, मग टक्कर झाली आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. पंजाब २-१ ने जिंकलं. पस्तिशीतला माणूस, कोणीही म्हटलं असतं आता घरी जा. तो त्याच मोसमात परत आला आणि गोलही केले. ड्रेसिंग रूममधल्या विशीतल्या पोरांनी हे जवळून बघितलं, त्याची किंमत गोलांच्या तक्त्यात दिसत नाही.

टाळकुटे:
जिद्दीला सलाम. पण जिद्द बघून फिनिशिंग येत नाही, बॉक्समध्ये उभं राहून येतं. स्लोव्हेनियाचंच बघा. लोकसंख्या जेमतेम २१ लाख, पुण्याहून कितीतरी कमी. युरो २०२४ मध्ये बाद फेरी गाठली, पोर्तुगाल पेनल्टी शूटआउटपर्यंत दमला. जादा वेळेत त्यांचा स्ट्रायकर शेश्को एकटा गोलकीपरसमोर पोचला आणि हुकला, तरी पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने घेतला. तो किशोर असल्यापासून नऊ नंबर खेळतोय. आपला बिद्याशागर चोविशीत उसनवारीवर.

नऊनंबरी:
मग राग क्लबांवर काढा. उद्या परदेशी स्ट्रायकर बंद केले तर आयएसएलमध्ये निम्मे सामने ०-० सुटतील.

कॉर्नरफ्लॅग:
सुटू देत. दोन मोसम ०-० बघायची माझी तयारी आहे. तुमची?